साइटच्या पत्त्यात ‘एस’ नसेल तर

नौपाड्यातल्या वहिनींच्या फराळाच्या साइटवर गिऱ्हाईक यायचं, क्रोममध्ये पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ वाचायचं आणि परत जायचं. साइटचा पत्ता ‘एचटीटीपी’ने सुरू व्हायचा, ‘एचटीटीपीएस’ने नाही; शेवटचा ‘एस’ म्हणजे सिक्युअर, सुरक्षित. तो ‘एस’ आणायला एका संध्याकाळी बसून हे उरकलं:

१. होस्टिंगच्या (साइट जिथे ठेवली आहे त्या कंपनीच्या) पॅनेलमधून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट, म्हणजे सुरक्षित पत्त्यासाठी लागणारा दाखला, चालू केलं. (विकतचं घ्या म्हणून मागे लागतात. फराळाला कशाला?)

२. प्रत्येक जुन्या एचटीटीपी पत्त्यावरून त्याच पानाच्या एचटीटीपीएस पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट लावलं, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला आपोआप नव्यावर जातो, कायमचा. सगळे पत्ते होमपेजवर ढकलू नका. चकलीच्या लिंकवर बोट ठेवणाऱ्याला चकलीच दिसली पाहिजे.

३. फोटो, आतल्या लिंका, साइटमॅप (सर्च इंजिनांसाठीची साइटच्या पानांची यादी) इथले पत्तेही बदलले. लोगोचा एक फोटो जुन्या पत्त्यावर राहिला होता, तो शोधण्यातच अर्धा तास गेला.

४. सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते बघायचं गूगलचं फुकट साधन) नवा साइटमॅप दिला.

गूगल २०१४ पासून शोधाच्या निकालांची क्रमवारी लावताना सुरक्षित पत्ता बघतं, पण त्याचं वजन हलकंच. एवढ्यावर पहिला नंबर येणार नाही.

आणि हो, हे सर्टिफिकेट साधारण ९० दिवसांचं असतं. ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) चालू आहे ना, बघा. मुदत संपली की ब्राउझर पानभर इशारा दाखवतो आणि ऐन दिवाळीत ऑर्डरी अडकतात.