व्हीलुकअप #एन/ए दाखवत होता, तो असा सुटला

ऑनलाइन कोर्सच्या एक्सेल असाइनमेंटमध्ये व्हीलुकअपने, म्हणजे यादीत एक गोष्ट शोधून तिच्यासमोरची माहिती आणणाऱ्या फंक्शनने, पिनकोडवरून तालुका शोधायचा होता. यादीत ४०३५०७ म्हणजे म्हापसा, बार्देश, हे डोळ्यांना दिसत होतं. तरी उत्तर #एन/ए, म्हणजे ‘सापडलं नाही’. फॉर्म्युला बरोबरच होता, घोळ डेटाचा.

पिनकोड सेलमध्ये डावीकडे चिकटलेले असले की समजायचं, ते आकडे नसून टेक्स्ट आहेत. सेलमधली अक्षरं मोजणारं लेन फंक्शन लावलं तर ६ ऐवजी ७ आले! वेबपेजवरून कॉपी करताना शेवटी न दिसणारी स्पेस आली होती, कॅरॅक्टर कोड १६०. जादा स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन तिला हात लावत नाही. ते फक्त साधी स्पेस, म्हणजे ३२, काढतं. सेलमधली तीच स्पेस कॉपी करून कंट्रोल+एच, फाइंडच्या चौकटीत पेस्ट, रिप्लेसची चौकट रिकामी, रिप्लेस ऑल. मग कॉलम निवडून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, थेट फिनिश. आकडे उजवीकडे सरकले की काम झालं.

टेबलची रेंज एफ४ दाबून डॉलरने बांधा, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढताना तीही घसरते. व्हीलुकअपच्या कंसात चौथ्या जागी फॉल्स (तंतोतंत जुळणारंच शोध) हवंच. ते विसरलात तर एक्सेल जवळपासचं उत्तर देतं, फोंड्याच्या जागी तिसवाडी, आणि चूक कळतही नाही. त्यापेक्षा #एन/ए परवडला.