आरतीची तारीख एक दिवस मागे का जात होती

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळासाठी आरती-नोंदणीचं वेबपान मी केलं. काकूंनी २७ ऑगस्ट २०२५, म्हणजे चतुर्थीच निवडली. यादीत आले २६. "अरे, गणपती बसायच्या आधीच आरती?"

मी घाईत एक दिवस वाढवून मोकळा झालो. (लाज वाटते सांगायला.) मग न्यू जर्सीहून भाच्यानं नोंदणी केली, ती एक दिवस पुढे गेली!

गोम अशी: पानावरचं तारीख निवडायचं कॅलेंडर त्या दिवसाची स्थानिक मध्यरात्र देतं आणि जावास्क्रिप्टचं (वेबपानांची प्रोग्रामिंग भाषा) टूआयएसओस्ट्रिंग, म्हणजे तारखेचा मजकूर करणारं फंक्शन, ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बदलतं. आपण ५ तास ३० मिनिटं पुढे, म्हणून २७ चे ००:०० तिथे २६ चे १८:३० होतात. न्यू जर्सीची मध्यरात्र मात्र त्याच तारखेच्या ०४:०० वर पडते.

नुसती तारीख म्हणजे क्षण नव्हेच. आता स्थानिक वर्ष, महिना, दिवस देणारी गेटफुलइयर, गेटमंथ, गेटडेट ही फंक्शन वापरून '२०२५-०८-२७' असा मजकूरच साठवतो. गेटमंथ शून्यापासून मोजतं, तिथे १ मिळवायचा. त्यातही एकदा आपटलोच. दाखवताना तारीख हव्या त्या भाषेत मांडणाऱ्या इंट्ल डेटटाइमफॉरमॅटला मराठी लोकॅल (भाषेची निवड) आणि टाइमझोन यूटीसी देतो, कारण नुसत्या तारखेचा असा मजकूर वाचताना जावास्क्रिप्ट यूटीसीच धरतं. अंकही देवनागरीत येतात. काकू त्यावरच खूश.