ईव्हीची सवय लागल्यावर दुसरी गाडी हातात घेताना काय करायचं

जोरात पळणारी ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, घरात आली की सगळे तिच्याबद्दलच बोलतात, रेंज किती, चार्जिंगला किती लागतं, बिल किती आलं. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे घरातली दुसरी गाडी तुम्हाला परकी वाटायला लागते. जी वॅगनआर इतकी वर्षं बिनतक्रार रामटेकला, वर्ध्याला, सासुरवाडीला जाऊन आली तीच आता दमून राहिली असं वाटतं, काकांची डिझेल गाडी चालवायला घेतली की पाय टाकूनही ही काहून जात नाही बे असं तोंडातून निघतं, आणि गाडी तर होती तशीच आहे. तुमच्या पायाची अपेक्षा बदलली आहे. ही अपेक्षा घेऊन तुम्ही दुसऱ्या गाडीच्या स्टिअरिंगमागे बसलात तर धोका आहे, हे मी अगदी मनापासून सांगतो, म्हणून हे सगळं लिहून काढलं.

आधी पाय काय शिकला ते बघू. इलेक्ट्रिक मोटरला पूर्ण ताकद लावायला फिरायची वाट बघावी लागत नाही, उभ्या गाडीपासूनच टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, मिळतो, मधे गिअर नाही, क्लच नाही. पेट्रोल गाडीत तुम्ही पाय टाकता, मग हवा आणि पेट्रोल आत जातं, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढतो, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असेल तर तो फिरायला लागतो, ऑटोमॅटिक असेल तर गिअर खाली येतो, आणि मग कुठे गाडी ओढते. १ लिटरच्या वॅगनआरचा जास्तीत जास्त टॉर्क ८९ न्यूटन मीटर आहे आणि तोही ३५०० आरपीएमला. महिंद्रा बीई ६ ची मोटर ३८० न्यूटन मीटर देते, सुरुवातीपासून. कंपन्यांचे आकडे बघा, ० ते १०० ला मोठ्या बॅटरीची बीई ६ घेते ६.७ सेकंद, हॅरिअर ईव्हीचं चारही चाकं ओढणारं मॉडेल ६.३, बीवायडी सीलचं सगळ्यात वरचं मॉडेल ३.८. रोजच्या चालवण्यात ० ते १०० कोण मोजतं म्हणा, फरक कळतो तो ४० वरून ८० ला जाताना, कारण तिथेच आपण ओव्हरटेक मारतो आणि तिथेच पायाला "दाबलं की गेली" ही सवय लागते.

ओव्हरटेकचा हिशोब नव्याने करा

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हा भाग वाचा.

नागपूरहून मनसरकडे किंवा समृद्धीवर जाताना मधे दुभाजक आहे, तिथे पिकअप कमी पडला तर फार तर मागच्याचा हॉर्न ऐकावा लागतो. पण उमरेडच्या पुढे भिवापूर-नागभीडकडे निघालात किंवा काटोलहून जलालखेड्याकडे, आणि पुढे लांब ट्रेलर ५० च्या रनिंगने चालला आहे आणि समोरून गाड्या येतात, तिथे तुमचा अंदाज मीटरमध्ये चुकतो. ढोबळ हिशोब करून बघा. ट्रेलर १८ मीटर धरा, मागे-पुढे सोडायची जागा मिळून ४० मीटर जास्तीचे तुम्हाला कापायचे आहेत. ईव्ही हे सहा सेकंदांच्या आत करते. छोटी पेट्रोल गाडी, आणि तीही बरोबर तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर आठ सेकंद, आणि चार माणसं, डिक्कीत सामान, एसी फुल असेल तर नऊच्या वर. तीन सेकंदांनी काय होतं असं वाटेल, पण समोरून ८० ने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते आणि तुम्हीही तिच्याकडेच जाऊन राहिले असता. म्हणजे ईव्हीला समोरचा रस्ता साधारण अडीचशे मीटर मोकळा लागत असेल तर भरलेल्या पेट्रोल गाडीला पावणेचारशे लागतो. जवळपास दीडपट. डोळ्याला मात्र सवय अडीचशेचीच झालेली असते, तो "जाते जाते" म्हणतो आणि पाय दाबतो.

म्हणून दुसऱ्या गाडीत पहिला नियम असा ठेवा की ईव्हीत ज्या गॅपमध्ये गेला असतात ती गॅप सोडायची. सरळ सोडायची. पुढची बघायची, आणि तीही डोळ्याला फालतू मोठी वाटली पाहिजे तेव्हाच निघायचं.

दुसरं म्हणजे तयारी आधी करायची. मॅन्युअलमध्ये ट्रकच्या मागे असतानाच गिअर खाली टाका, चौथ्यातून तिसऱ्यात, आरपीएम वर येऊ द्या आणि मग बाहेर काढा, उजव्या लेनमध्ये गेल्यावर गिअर बदलायचा नाही. एएमटी गाडी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर मशीन बदलतं) असेल तर ती गिअर बदलताना क्षणभर ताकद सोडते, गाडी मान टाकल्यासारखी होते, आणि हे नेमकं ट्रकच्या बरोबरीला झालं तर काय होईल विचार करा, म्हणून लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये टाकून गिअर आधीच उतरवून ठेवायचा. सीव्हीटीत (ठराविक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) आवाज आधी वाढतो आणि वेग नंतर येतो, तेव्हा आवाजावर भरवसा ठेवू नका, स्पीडोमीटर बघा. टर्बोवाली असेल तर आरपीएम २००० च्या खाली असताना बाहेर काढू नका, टर्बो जागा व्हायला वेळ घेतो आणि मग एकदम ओढतो.

याची प्रॅक्टिस मोकळ्या जागी करून घ्या. नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातले रुंद रस्ते रविवारी सकाळी मोकळे असतात, तिथे घरातली पेट्रोल गाडी न्या, आजूबाजूला कोणी नाही बघून ४० वर चौथ्या गिअरमध्ये पाय टाका आणि ६० येईपर्यंत मनात मोजा. मग तेच तिसऱ्यात करा. मग घरच्यांना बसवून, एसी लावून करा. हे तीन आकडे तुम्हाला माहीत असले की ती गाडी काय करू शकते हे पायाला कळतं, नुसतं वाचून कळत नाही.

पाय उचलल्यावर काय होतं

पिकअपबद्दल सगळे बोलतात पण ब्रेकचं कोणी बोलत नाही. ईव्हीत रीजेन (पाय उचलल्यावर मोटरनेच लागणारा ब्रेक) जास्त ठेवला असेल तर पाय उचलला की गाडी आपसूक हळू होते, मोटर उलटी जनरेटरसारखी चालून बॅटरीत करंट परत पाठवते. काही दिवसांत पाय ब्रेककडे जायचाच विसरतो, सिग्नल दिसला की फक्त उचलायचा. आता हाच पाय घेऊन पेट्रोल गाडीत वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून अजनीकडे खाली उतरा, पाय उचललात तरी गाडी घरंगळत पुढेच जाते आणि समोर बाईकवाले थांबलेले. इंजिन ब्रेकिंग असतं पण ते त्या मानाने काहीच नाही. दुसऱ्या गाडीत बसल्यावर पहिले काही किलोमीटर पाय उचलल्याबरोबर तो मुद्दाम ब्रेकवर नेऊन ठेवा, दाबायची गरज नसली तरी. रात्री-बेरात्री कोणाची गाडी चालवायची वेळ आली तर हीच एक सवय जास्त कामी येते.

उलटा प्रकार पार्किंगमध्ये होतो. ईव्हीच्या सिंगल पेडल मोडमध्ये, म्हणजे एकाच पेडलने चालवायच्या सेटिंगमध्ये, पाय उचलला की गाडी उभी राहते आणि तिथेच थांबते. पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये पाय ब्रेकवरून काढला की गाडी सरकते. सीताबर्डीच्या बाजारातल्या एखाद्या कॉम्प्लेक्सच्या बेसमेंटमध्ये रिव्हर्स घेताना मागे भिंत आहे, तुम्ही पाय उचलून आरशात बघता आणि गाडी आपली मागे जाऊन राहिली. पार्किंगमध्ये दुसरी ऑटोमॅटिक असेल तर पाय पूर्ण वेळ ब्रेकवरच. मॅन्युअल असेल तर चढावर हाफ क्लच आणि हँडब्रेक पुन्हा आठवा, नाहीतर मागचा ऑटोवाला तुमच्या बंपरला चिकटून असतोच.

यातलंच एक, आणि हे जिवाशी आहे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा ईव्हीवाल्यांना सवय होते की गाडी उभी करून एसी लावून आत बसायचं, फोन करायचा, डुलकी काढायची, धूर नाही आवाज नाही. पेट्रोल-डिझेल गाडीत बंद गॅरेजमध्ये किंवा बंद शेडमध्ये हे करायचं नाही, अजिबात नाही, इंजिन चालू असलं की कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेतच जातो. ईव्ही चालवणाऱ्या घरातल्या पोरांना हे वेगळं बसून सांगा, कारण त्यांनी पेट्रोल गाडी जवळून बघितलेलीच नसते.

रस्त्यावरच्या बाकीच्यांबद्दल

ईव्ही चालवायला लागलं की पुढचे सगळे हळू वाटतात, लालपरी हळू, ई-रिक्षा तर उभीच आहे असं वाटतं, आणि सिग्नलला हिरवा लागल्यावर पुढची कार निघेपर्यंत तुमचा हात हॉर्नवर जातो. तिथे थांबा. त्या माणसाला क्लच सोडायचा आहे, गिअर टाकायचा आहे, गाडीत सहा जण आहेत, तो त्याच्या गाडीच्या मानाने बरोबरच निघाला आहे.

आणि दुसरी बाजू पण आहे, ती जास्त महत्त्वाची. बाकीचे लोक तुमच्या गाडीचा अंदाज त्यांच्या गाडीवरून लावतात. शंकर नगर चौकात किंवा छत्रपती चौकात सिग्नल सुटला आणि तुम्ही पाय टाकला तर शेवटच्या क्षणाला लाल तोडून येणारा स्कूटरवाला तुमच्यासमोर असतो, त्याच्या हिशोबात समोरची रांग हलायला अजून वेळ आहे. रस्ता ओलांडणारी बाई तुमचा आवाज ऐकत नाही आणि लांबून बघून म्हणते येईपर्यंत मी जाते. त्यामुळे हिरवा लागल्यावर डावीकडे-उजवीकडे एकदा बघूनच निघा, गाडीत ताकद आहे म्हणून पहिल्या सेकंदात ती काढायची गरज नाही, मागे बसलेल्या आईची मान पण ठीक राहते.

घरची जुनी गाडी विकायची घाई करू नका

बरेच जण ईव्ही घेतल्यावर जुनी गाडी गॅरेजला नेतात, "पिकअप गेला आहे, बघा जरा". मेकॅनिकलाही काही सापडत नाही आणि मग प्लग बदल, अमुक बदल असं बिल होतं. जायच्या आधी स्वतः तपासून घ्या. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबा, आरपीएम चढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही असं झालं तर क्लच घसरतो आहे, ते काम खरं. एअर फिल्टर उघडून बघा, आपल्याकडे काँक्रीट रोडच्या आणि मेट्रोच्या कामांची इतकी धूळ असते की तो लवकर चोंदतो. टायरमध्ये हवा कमी असेल तरी गाडी जड वाटते. हे सगळं ठीक असेल तर गाडी ठीक आहे, पैसे घालवू नका.

दुसरी गाडी विकत घ्यायला निघालात, म्हणजे समजा लांबच्या प्रवासासाठी डिझेल बघताय, तर टेस्ट ड्राइव्हला शोरूमला जाताना ईव्ही घेऊन जाऊ नका. ईव्हीतून उतरून लगेच बसलात तर कोणतीही गाडी आवाज करणारी आणि मंदच वाटणार. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी घरची पेट्रोल गाडी चालवा, ऑटोने जा, पण पाय जरा विसरू द्या. आणि माझं स्पष्ट मत आहे की चांगल्या डिझेलला ईव्हीच्या पिकअपने मोजणं चूक आहे. समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे, तिथे तासन् तास त्या वेगाने गेलं की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ईव्हीची रेंज शहरातल्यापेक्षा चटकन उतरते, सिग्नलवरचं पिकअप तिथे काही कामाचं नसतं, आणि तीच डिझेल गाडी तिथे निवांत चालते, टाकी भरायला पाच मिनिटं. तिला त्या कामासाठी बघा. वळणावर मात्र फरक लक्षात ठेवा, ईव्हीची बॅटरी फरशीखाली असल्याने वजन खाली असतं आणि ती वळणाला बसून जाते, उंच डिझेल एसयूव्ही त्याच वेगाने वळवली तर झुकते, तेव्हा वळणाआधी वेग कमी करायची सवय परत लावा.

आणि चावी उलट्या बाजूने द्यायची असेल तर, म्हणजे बाबा किंवा भाऊजी आयुष्यभर पेट्रोल चालवलेले आणि त्यांना तुमची ईव्ही एक चक्कर मारायला हवी असेल, तर आधी गाडी इकोवर टाका, रीजेन सगळ्यात कमी करा (नेक्सॉन ईव्हीत स्टिअरिंगमागच्या पॅडलने होतो), सिंगल पेडल बंद करा, आणि स्पोर्ट मोडचं बटण दाखवूच नका. पहिलं वळण सोसायटीच्या आतच घ्यायला सांगा, तुम्ही बाजूला बसा, आणि ब्रेक-अॅक्सिलरेटर दोन्हीला एकच पाय, उजवा, हे गाडी सुरू करायच्या आधी सांगा.