कीटकातला एकपेशीय परजीवी कोणत्या गटातला, हे कसं ओळखायचं

स्लाइड रंगवायची घाई करू नका. आधी ओली आणि जिवंत बघा, कारण हालचाल ही फार भरवशाची खूण आहे आणि रंगवण्याआधी पेशी पक्क्या करणारं मिथेनॉल लागताच ती संपते. ताज्या कीटकाचं आतडं ०.७५ टक्के मिठाच्या पाण्यात काढा. साध्या पाण्यात नाजूक पेशी फुगून फुटतात. मध्यांत्र (आतड्याचा मधला भाग), पश्चांत्र (मागचा भाग), माल्पिघी नलिका (कीटकाच्या उत्सर्जनाच्या नळ्या) आणि मेदपिंड (चरबी साठवणारा अवयव) वेगवेगळ्या थेंबांत ठेवा. सगळं एकत्र चिरडलं की परजीवी नेमका कुठे होता ते कळत नाही, आणि ओळख बरीचशी त्यावरच ठरते.

१०० पटीत लांबट, मोठी पेशी अंग न हलवता संथ सरकताना दिसली तर ती बहुधा ग्रेगरीन या परजीवी गटातली. अनेकींच्या अंगात आडवा पडदा असतो. डासांतल्या अ‍ॅस्कोग्रेगरिनात मात्र तो नसतो, म्हणून पडदा नाही एवढ्यावरून ग्रेगरीन नाही असं ठरवू नका.

४०० पटीत कशाभिका (चाबकासारखा धागा) हलवत वळवळणारे ते ट्रिपॅनोसोमॅटिड गटातले. पश्चांत्राच्या भिंतीला ते दाटीने चिकटलेले सापडतात. गिम्सा रंगात केंद्रकाशिवाय आणखी एक गडद ठिपका दिसतो, तो कायनेटोप्लास्ट, म्हणजे डीएनएचा वेगळा गठ्ठा. त्यातला परजीवी क्रिथिडिया प्रजातीतला की लेप्टोमोनास प्रजातीतला, हे नुसत्या आकारावरून लिहू नका. डीएनए तपासल्यावर ही जुनी विभागणी बरीच मोडली आहे.

खरी फसगत मायक्रोस्पोरिडिया या बीजाणू करणाऱ्या परजीवी गटात होते. मधमाशीतल्या नोसेमा एपिसचा बीजाणू सुमारे ६ × ३ मायक्रॉनचा, अंडाकृती, चकाकणारा आणि स्थिर. नोसेमा सेराने थोडा लहान. यीस्ट, चरबीचे थेंब आणि काही ग्रेगरिनांचे ऊसिस्ट यांच्याशी त्याची गल्लत होते. यीस्टला कळ्या फुटलेल्या असतात. चरबीचे थेंब अगदी गोल, पण लहानमोठे असतात. मॅटेसियासारख्या नवग्रेगरिनांचे (ग्रेगरिनांचा एक उपगट) ऊसिस्ट, म्हणजे कवचातल्या अवस्था, दोन्ही टोकांना निमुळते असतात आणि आत ८ स्पोरोझोइट (संसर्ग करणाऱ्या पेशी) असतात. शंका उरलीच तर बीजाणूतून बाहेर पडलेली ध्रुवीय नलिका, म्हणजे मायक्रोस्पोरिडियाची बारीक लांब नळी, शोधा. ती दिसली की वाद मिटला. काही जातींत बीजाणू वाळवून पुन्हा ओले केले की ती बाहेर येते.

मधमाशीच्या माल्पिघी नलिकांत ५ ते ८ मायक्रॉनच्या गोल पुट्या (कवचातल्या निद्रिस्त पेशी) दिसल्या तर माल्पिघअमीबा या परजीवी अमीबाचा विचार करा.

जुन्या पुस्तकांत ग्रेगरीन आणि मायक्रोस्पोरिडिया दोघंही ‘स्पोरोझोआ’ या एकाच गटात आहेत. आज ग्रेगरीन मलेरियाच्या परजीवीसोबत अ‍ॅपिकॉम्प्लेक्सा या गटात येतात, तर मायक्रोस्पोरिडिया बुरशीच्या नात्यात. २०२० मध्ये वर सांगितलेल्या दोन्ही नोसेमा जाती व्हेरिमॉर्फा या प्रजातीत हलवल्या गेल्या, म्हणून चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहा. नमुन्याचा एक तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये राखून ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो आणि जात पक्की करता येत नाही.