इंजिनामागे, हात न पोचणाऱ्या जागी डिझेल गळतंय? असं शोधा, असं थांबवा

मासेमारी नौकेत डिझेलची बारीक गळती नेमकी सापडते ती इंजिन आणि मागची फळी यांच्यामधल्या चिंचोळ्या बोळात, शेवटच्या नोझलपाशी, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापाशी. समोरचे जोड रोज नजरेखालून जातात, सैल झाले की लगेच आवळले जातात. मागचा जोड वर्षानुवर्षं इंजिनाचे हादरे सोसतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. गळती दिसलीच तर वरून एम-सील थापलं जातं. डिझेलने ओल्या झालेल्या धातूवर ते धरत नाही, चार दिवसांत सुटतं आणि पुढच्या दुरुस्तीला आणखी घाण करून ठेवतं. अडचणीच्या जागेतली गळती काढायची असेल तर आधी अडचण काढा. फळी उघडा, एअर फिल्टर काढा, आड येणारी नळी सोडा. त्यात गेलेला तास वाया जात नाही.

थेंबच तर पडतोय म्हणून सोडून देऊ नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला दीड-दोन लिटर डिझेल. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टवर ते पडलं तर ठिणगीची गरज नसते. अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास डिझेल आपोआप पेटू शकतं.

हे सगळं डिझेल इंजिनासाठी आहे. पेट्रोल गळत असेल तर गोष्ट वेगळी. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती नौकेच्या तळाशी साचते आणि एखादा स्विच दाबल्याची ठिणगीही पुरते. तिथे कोणताही स्विच न दाबता झाकणं उघडा, माणसं बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टाकीचा कॉक बंद करा. तळातलं पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू होणारा असेल तर तोही बंद ठेवा, नाहीतर सांडलेलं डिझेल थेट खाडीत जाईल.

आता शोध. डिझेल खाली ओघळतं, नळीवरून सरकत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. म्हणून थेंब पडतो ती जागा खरी मानू नका. ओली असलेली सगळ्यात वरची जागा शोधा. सगळे जोड पुसून कोरडे करा आणि प्रत्येकाभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. डोकं आत जात नसेल तर मोबाईलचा कॅमेरा आत सरकवा, टॉर्च लावून व्हिडिओ काढा. बॅटरी जोडून आणि कॉक उघडून इंजिन थोडा वेळ चालवा, बंद करा आणि मगच कोणती पट्टी भिजली ते बघा. चालू इंजिनाच्या बोळात हात घालायचा नाही. डिझेलच्या पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळ्यांतला दाब इतका असतो की बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं.

गळती कधी होते यावरूनही बरंच कळतं. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर दोष डिझेलच्या पंपाच्या पुढे किंवा परतीच्या नळीत (नोझलकडे उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी नळी). बंद असताना टपकतं आणि चालू केल्यावर इंजिन गचके खातं, तर टाकीकडून येणाऱ्या नळीतून ते हवा ओढतंय. आणि बाहेर सगळं कोरडं असून ऑइलची पातळी वाढत असेल, ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर गळती आतल्या आत आहे. ते इंजिन चालवू नका.

मागच्या बाजूला दोषी निघतो तो बहुधा परतीच्या नळीचा बँजो बोल्ट, म्हणजे नळीच्या टोकाचं गोल कडं धरून ठेवणारा बोल्ट. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचं एकेक वॉशर असतं. तांबं दाबून दाबून कडक होतं, मग कितीही आवळलं तरी बसत नाही. बोल्ट आतून पोकळ असतो, जास्त जोर लावला की तुटतो. इंजिन थंड झालं की पुन्हा बॅटरीची वायर काढा, कॉक बंद करा. मग इंजिनाखाली फडकं पसरा, कारण तांब्याचं वॉशर तळात पडलं तर चुंबकाने निघत नाही. पान्याला दोरी बांधून ती मनगटात अडकवा. नोझलकडचा भाग दुसऱ्या पान्याने धरूनच बोल्ट सोडा.

वॉशर नवीनच घाला. मिळालं नाही तर जुनं वॉशर किनाऱ्यावर, नौकेपासून दूर, गॅसवर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं पुन्हा मऊ होतं. नंतर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू घासून सपाट करा. बसवताना ग्रीसचा ठिपका लावला की वॉशर बोल्टला चिकटून राहतं. इथे टेफ्लॉन टेप लावू नका. तिचे तुकडे सुटून डिझेलच्या वाटेत अडकतात.

रबरी नळी चिरली असेल तर टेप न गुंडाळता नळीच बदला, डिझेलसाठी बनवलेलीच घ्या.

जोडणी झाली की बॅटरी जोडा, कॉक उघडा, आत शिरलेली हवा काढायला डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) मारा, मग स्क्रू आवळा.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा जोड उघडून बघायला सवड मिळते. पण किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेत इंजिन कोरडं चालवू नका, पाण्याच्या पंपातला रबरी पंखा जळतो. चाचणी नौका पाण्यात उतरवल्यावर करा: जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळा, नौका धक्क्याला बांधूनच पंधरा मिनिटं इंजिन चालवा, त्यात थोडा वेळ वेग वाढवा. बंद करून टिश्यू बघा, आणि रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा बघा. तो कोरडा निघाला की तळ चिंध्यांनी टिपून घ्या, चिंध्या झाकणाच्या डब्यात भरा आणि मगच तळातल्या पंपाचा स्विच पुन्हा लावा.