दुर्बिणीचे माउंट निवडताना या चुका टाळा

नवखा ग्राहक आरशाचा व्यास चौकसपणे विचारतो आणि माउंट, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते व फिरते तो आधार, मात्र खोक्यावरचे चित्र पाहून घेतो. केवळ ‘शास्त्रीय’ दिसते म्हणून विषुववृत्तीय (मुख्य अक्ष पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचे) माउंट घेणे, ही त्यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आकाश तासाला १५ अंशांनी सरकते. माउंटचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलेला असेल, तरच एकच गुंडी फिरवून ग्रह नजरेत धरून ठेवता येतो.

वांगणीला एका आकाशदर्शनाच्या रात्री एका तरुणाने असे नवेकोरे माउंट आणले होते. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असताना त्याची अक्षांशपट्टी (अक्षाचा कल दाखवणारी) कारखान्यातून आली तशी ४० वरच होती. परिणामी दोन्ही गुंड्यांशी त्याची झटापट चाले आणि रांगेतल्या मुलांना कडी दिसण्याआधीच शनी निसटून जाई. मी अक्ष खाली उतरवला, तेव्हा दुसरे दुखणे उघडे पडले. इतक्या कमी अक्षांशावर दुर्बिणीला तोलणाऱ्या काउंटरवेटचा दांडा जवळजवळ उभा लोंबतो, त्यामुळे त्याचे वजन तिपाईच्या उत्तरेकडील पायावर आदळू लागले. तिपाई फिरवून दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला घेतली, तेव्हा कुठे काम सुरू झाले. पट्टीवरच्या आकड्यांवर मी विसंबत नाही. फोनमधला कोनमापक अक्षावर टेकवून घरीच कोन तपासतो आणि खडूने खूण करतो.

फक्त डोळ्यांनी पाहायचे असेल, तर डॉब्सोनियन, म्हणजे साध्या खोक्यावर वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी दुर्बीण, घ्यावी. जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर रूढ केलेल्या या खोक्याला नाके मुरडणाऱ्यांनी बहुधा तिच्यातून कधी पाहिलेले नसते. डोक्यावरचे तारे गाठताना ती अडखळते, हे खरे आहे. दीर्घ छायाचित्रणासाठी मात्र ती घेऊ नये, कारण मोटर लावली तरी दृश्य हळूहळू गोल फिरते.

‘गो-टू’, म्हणजे निवडलेला तारा स्वतः शोधणारे संगणकी माउंट, घेतले म्हणजे आकाश शिकावे लागत नाही, हा अधीर मंडळींचा आवडता समज आहे. बऱ्याच नियंत्रकांत तारखेचा महिना आधी लिहावा लागतो. तो उलटला किंवा साडेपाच तासांचा वेळफरक चुकला, की यंत्र आत्मविश्वासाने भलतीकडेच पाहते, आणि ज्याला चित्रा व स्वाती ओळखता येत नाहीत, त्याला ही चूक कळतही नाही.

तिपाईचे पाय पूर्ण उंचीपर्यंत ताणू नयेत. छायाचित्रणासाठी माउंटच्या घोषित क्षमतेच्या निम्म्याहून फारसे अधिक वजन मी चढवत नाही.