चॅपल रोडच्या भिंती बघायला येताना

वांद्र्याची भित्तिचित्रं दाखवायला मी रविवारी सकाळी सातलाच बोलावते. उशीर झाला की भिंतीला खेटून गाड्या लागतात, अर्धं चित्र झाकलं जातं. स्टेशनहून रिक्षानं चॅपल रोडला या, पुढे रणवार या जुन्या वस्तीपर्यंत पायीच. सिनेमाच्या पोस्टरातले चेहरे दिसले तर जरा थांबा. भिंतींवर सिनेमातले चेहरे रंगवणारा बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट चित्रकार रणजित दहिया यांनी २०१२ साली सुरू केला. गल्ली अरुंद, म्हणून समोरच्या भिंतीला पाठ टेकवून चित्र बघा. मग अगदी जवळ जा. पावसाळ्यानंतर रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खालचं जुनं चित्र डोकावतं, एखादा डोळा, अर्धं अक्षर. मला तेच सर्वांत आवडतं. आणि ही माणसांची घरं आहेत, ओट्यावर आजी बसल्या असतील तर आधी विचारा, मगच फोटो काढा.